पुरुष, वय अंदाजे पंचावन्न

“हे अक्षर तुमचंच ना?”

वाघमोडे मॅडमनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. कागद माझ्याच दवाखान्याचा होता. वर छापील दाढेचं चित्र, खाली माझी सही. मी चष्मा लावून म्हणालो, “डॉक्टरचं अक्षर आहे आणि तरी वाचता येतंय, म्हणजे माझंच.”

मॅडम हसल्या नाहीत. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं की हे दातदुखीचं प्रकरण नाही.

कागदावर तीनच वाक्यं होती. ‘कवटी व खालचा जबडा पाहिला. पुरुष, वय अंदाजे पंचावन्न. तंबाखूचे व्यसन दिसते.’

“आठवतंय का?”

“मॅडम, बारा वर्षांपूर्वीची तारीख आहे. मला काल काढलेली दाढ आठवत नाही.”

“मग जरा आठवा. मी बसते.”

आणि त्या खरंच बसल्या. पेशंटच्या खुर्चीत, म्हणजे जी मागं-पुढं होते त्या खुर्चीत. एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, नुकत्याच आमच्या भागात बदलून आलेल्या. वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या.

मी शिरूरला तेहतीस वर्षं दातांचा दवाखाना चालवतो. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत. आमच्या घरात सगळे फळांचे व्यापारी. बागवानाचा पोरगा आंबे विकायचे सोडून लोकांच्या तोंडात काय हात घालत बसतो, असं माझे थोरले चुलते शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्यांना मी सांगायचो, चाचा, आंबा नासतो, दातही नासतो, पण नासलेल्या आंब्याचे कुणी पैसे देत नाही.

तर मी आठवायला लागलो.

बाजाराचा दिवस होता. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. ओळखीचे एक हवालदार खताची रिकामी पिशवी घेऊन आत आले. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कवटी आणि खालचा जबडा. “डॉक्टर, पाच मिन्टं. वय तेवढं सांगा. साहेब म्हंत्यात, दातावरनं कळतंय.” मी म्हटलं, हे काय, कुठलं? ते म्हणाले, “नदीकडंच्या जुन्या दगडखाणीत गावलं. पावसाचं पाणी यिऊन गेलंय. निम्मी हाडं कुत्र्यांनी नेली. कपड्यातला एक शर्ट तेवढा दगडाखाली अडकलेला हाय.”

मी मागच्या खोलीत गेलो. तिथं आम्ही कवळ्या घासतो. दिव्याखाली धरून बघितलं. दात झिजलेले. दातांवर काळा थर. शर्ट, झीज, तंबाखू. मी तीन वाक्यं लिहिली, सही केली. एक दात भरायला मला याच्या चौपट वेळ लागतो. हवालदारांनी चहा घेतला आणि गेले.

हे काही रीतसर मत नव्हतं. हाडांचं रीतसर मत मेडिकल कॉलेजातले तज्ज्ञ देतात. पण बाई की पुरुष हे नक्की सांगायला कमरेचं हाड लागतं. बाळंतपणासाठी बाईच्या कमरेच्या हाडाची घडणच वेगळी असते. ते हाडच मिळालं नव्हतं. त्यामुळं तिकडून ‘निश्चित मत देता येत नाही’ असा कागद आला. आता फायलीत ठाम बोलणारा एकच कागद उरला, तो माझा. आपण अंदाज सांगतो, पण त्याला एकदा सरकारी फायलीत भोक पाडून दोरा घातला की त्याला कुणी अंदाज म्हणत नाही.

“आठवलं,” मी म्हणालो. “पण आज बारा वर्षांनी काय निघालं?”

मॅडमनी सांगायला सुरुवात केली. चार वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात एक पिकअपवाला पकडला गेला. कांदा काढायला, खुरपणीला बायका पाहिजेत असं सांगून तो मजूर बायकांना गाडीत बसवायचा. एकटी बाई मिळाली की अंगावरच्या डोरल्यासाठी तिला मारायचा. त्यानं सहा खून कबूल केले. चार बायका मिळाल्या, त्यांची नावं लागली. पाचवी त्यानं भीमेच्या अलीकडं दगडाच्या खाणीत टाकली, असं सांगितलं. सहावी कुठं, ते त्यालाच धड सांगता येईना.

“तेव्हाच्या टीमनं खाणीची नोंद काढली,” मॅडम म्हणाल्या. “तिथं बाईचं प्रेत कधी मिळालंच नव्हतं. मिळालेला एक पुरुष, वय अंदाजे पंचावन्न. मग सगळ्यांना वाटलं, हा फुशारकी मारतोय. पुढं तो तुरुंगात आजारानं मेला. फाईल कपाटात गेली.”

मी हातातला कप बशीत ठेवला. तो जरा जोरातच ठेवला गेला.

“मॅडम, पण शर्ट होता ना?”

माझ्या मागून आवाज आला. “शर्ट व्हता? मग बाईच आसंल की!”

आमच्या शकुंतला मावशी. बावीस वर्षं माझ्याकडं मदतनीस आहेत. हत्यारं उकळणं, पेशंटला हाका मारणं आणि माझ्या बोलण्यात बोलणं, ही त्यांची तीन कामं.

“मावशी, शर्ट पुरुष घालतात.”

“आन् रानात बाया काय घालत्यात? डॉक्टर, तुमी कवा कांदं काढल्यात का? उसाच्या पाचटानं हात कापत्यात, उन्हानं पाठ भाजती. नवऱ्याचा न्हाईतर पोराचा फुल भाईचा शर्ट लुगड्यावर घालूनच जावं लागतं.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. “माझी आई जन्मभर वडलांचा शर्ट घालून रानात गेली. पंचनाम्यात लिहिलंय, शर्टाच्या खिशाला आतून दोन सेफ्टी पिना. पुरुष कशाला पिना लावून ठेवेल? म्हणून तर मी ही फाईल उघडली.”

न्हावऱ्याच्या रस्त्यानं मी हजार वेळा गेलोय. दोन्ही बाजूंच्या रानात साडीवर शर्ट घातलेल्या बायका ओणव्या होऊन काम करताना बघितल्यात. पण गाडीच्या काचेतून बघितलेलं आणि दिव्याखाली हाडं बघताना आठवलेलं, यात फरक असतो. मला आठवलं नाही एवढं खरं.

“मग तुमचं मत बदलतंय का?” मॅडमनी विचारलं.

“परत बघितल्याशिवाय तोंडानंही काही सांगणार नाही. आणि या वेळी खताची पिशवी नको.”

परवानग्या होऊन ती कवटी सीलबंद डब्यातून परत माझ्या टेबलावर यायला तीन आठवडे लागले. त्या दिवशी मी बाहेर ‘दवाखाना बंद’ची पाटी लावली. दात मोजले. अठ्ठावीस, समोरचे सगळे जागेवर. मग एक्स-रे काढले. दाताच्या आत मधोमध एक पोकळी असते, तिच्यात ज्याला आपण नस म्हणतो ती असते. वय वाढतं तशी ही पोकळी आतून बुजत जाते. पंचावन्नच्या माणसाची अगदी चिंचोळी झालेली असते. इथं ती चांगली रुंद होती. बाहेरून दात म्हातारा, आतून तरणा.

एक्स-रे, कवटीचे फोटो आणि मापं पुण्यात माझ्या वर्गमैत्रिणीला पाठवली. आता ती शरीररचनाशास्त्राची प्राध्यापक आहे. तिचा संध्याकाळी फोन आला.

“बाई असण्याची शक्यता जास्त. पस्तीस ते चाळीस. कपाळ बघ, कानामागचं हाड बघ. पुरुष कुणी लिहिलं होतं?”

“होता एक गाढव.”

“नाव काय त्याचं?”

“तुझ्याशेजारच्या बाकावर बसायचा.”

ती म्हणाली, “अरे, पण तंबाखू?”

तंबाखूचंच तर सांगायचंय. मिश्री ही काय चीज आहे ते शहरातल्या वाचकांना सांगतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची, आणि ती सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना घासायची. आमच्या भागातल्या निम्म्याअधिक बायका अजून लावतात. दात काळे होतात आणि बाहेरून रेताड कागदानं घासल्यासारखे झिजतात. आमच्या शकुंतला मावशी रोज सकाळी दवाखाना झाडून झाला की मागच्या पायरीवर बसून मिश्री लावतात, आणि मी रोज त्यांना ओरडतो. हा सगळा प्रकार माझ्या पाठीमागे चालू असताना मी आत बसून लिहिलं, तंबाखूचे व्यसन दिसते, म्हणजे पुरुष. मला माझी इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी मावशींना ओरडलो नाही. त्यांना वाटलं मी आजारी आहे.

मी मॅडमना फोन केला. “बाई आहे. पस्तीस-चाळीसची. मिश्री लावणारी. माझं पहिलं मत चुकलं होतं, तसं लेखी देतो.”

“लेखी द्याच. पण त्यानं माझं काम होत नाही,” त्या म्हणाल्या. “हाडं मिळण्याआधीच्या दोन वर्षांतल्या शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांतल्या अकरा बेपत्ता बायकांच्या फायली माझ्यापुढं आहेत. सगळ्या तिशी-चाळिशीतल्या. डीएनए करायचा तर घरच्यांचं रक्त लागतं. अकरा घरांची दारं वाजवून, तुमची आई मेली असेल, रक्त द्या, असं सांगू का? त्यातल्या दहा घरांना मी उगाच जाळणार. मला दोन-तीन घरांपर्यंत आणून सोडा.”

मी परत दिव्याखाली बसलो. दोन दिवस दुपारचं जेवण झालं की तेच काम. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट जाणवली. झीज दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. उजव्या बाजूच्या सुळ्यापाशी आणि त्यामागच्या दोन दातांवर खाच जास्त खोल होती. डावीकडं कमी.

“मावशी, मिश्री आणा.”

“आँ?”

“आणा आणि माझ्यासमोर लावा.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी हे बोललो. मावशींनी कनवटीची डबी काढली, बोटावर पूड घेतली आणि जणू फोटो काढायचाय अशा थाटात घासायला लागल्या. उजव्या हाताचं बोट तोंडात गेलं की जोर डाव्या बाजूच्या सुळ्यावर पडतो. बोटाचा कोनच तसा असतो. मी त्यांचे दात बघितले. डावीकडं खाच खोल, उजवीकडं कमी.

एका मावशीवरून शास्त्र होत नाही. पुढं पंधरा दिवस मिश्री लावणारी जी कुणी बाई आली, तिला मी विचारलं, कुठल्या हातानं लावता? एक आजी म्हणाल्या, “दाढ ठणकतीया आन् ह्यो हात बघतोय. डॉक्टर हाय का जोशी?” पण हिशोब जुळत गेला. उजव्या हाताच्या बायकांची झीज डावीकडं. दोन डावखुऱ्या आल्या, त्यांची उजवीकडं. एका बाईचं दोन्हीकडं सारखं निघालं, तिला विचारलं तर म्हणाली, एक हात दुखला की दुसऱ्यानं. अशीही माणसं असतात, म्हणून मी मॅडमना ‘नक्की’ हा शब्द दिला नाही. ‘बहुधा डावखुरी’ असं दिलं.

आता घरच्यांना विचारायचं. मी एकच अट घातली. तुमची आई डावखुरी होती का, असा प्रश्न विचारायचा नाही. तसं विचारलं की आशेवर बसलेला माणूस हो म्हणतो. उंची, समोरचा दात पडला होता का, दात कशानं घासायच्या, कुठल्या हातानं, असे साधे प्रश्न ओळीनं विचारायचे, रेकॉर्ड भरतोय म्हणून. मॅडमच्या केबिनमध्ये स्पीकरवर फोन लावले. मी शेजारी बसलो होतो.

चौघी मिश्री लावतच नव्हत्या. पाच जणी उजव्या हातानं लावायच्या. एक डाव्या हातानं, पण तिचे समोरचे दोन दात बैलाच्या शिंगानं पडलेले. आमच्या कवटीत समोरचे सगळे दात होते. राहिली अकरावी. खुटबावची कौसाबाई. फोन तिच्या मुलीनं, अलकानं घेतला.

“आई दात कशानं घासायच्या?”

“मिश्री लावायची.”

“कुठल्या हातानं?”

ती म्हणाली, “हे बारा वर्सांत कुणी इचारलं न्हाई, मॅडम. डाव्या हातानं. जेवायची उजव्यानं, आजीनं मारून मारून तेवढं शिकवलं व्हतं. बाकी समदं डाव्या हातानं. खुरपायला गेली तर मुकादम तिला कडंची पात द्यायचा, न्हाईतर शेजारणीच्या हाताला खुरपं लागायचं. मिश्री तर ती गोठ्यामागं जाऊन लावायची, आजीला दिसू नये म्हणून.” आणि मग, “मॅडम, ती घावली का?”

मॅडम म्हणाल्या, “अजून नाही. मी उद्या घरी येते.”

फोन ठेवल्यावर मॅडमनी अकरावी फाईल बाजूला काढली. पात म्हणजे रानात एकेकीला काम करायला दिलेला पट्टा. मीही दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाडीत बसलो. मॅडमनी बोलावलं नव्हतं, पण नको असंही म्हणाल्या नाहीत. न्हावरा मागं पडलं, भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका. नदीच्या या तीरावर हाडं, त्या तीरावर बेपत्ताची तक्रार. दोन ठाणी, दोन रजिस्टर. एकात बाई, दुसऱ्यात पुरुष. कोण कशाला जुळवून बघतंय.

अलका खुटबावातच अंगणवाडी सेविका आहे आणि वडलांजवळ राहते. नुकतीच मुलांना खाऊ वाटून आली होती. तिशीला टेकलेली, नीटस, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारी. ओट्यावर बाजेवर तिचे वडील बसलेले. सगळे त्यांना आबा म्हणतात.

आईचा फोटो आहे का, हे मी विचारलं. हसतानाचा फोटो मिळाला तर समोरच्या दातांची ठेवण जुळवून बघता येते.

“न्हाई,” अलका म्हणाली. “व्हते ते आबांनी चुलीत घातले.”

“घातले,” आबा बाजेवरून म्हणाले. “म्याच घातले. नाक कापून गेली ती. आता कशाला उकरताय?”

आई गेली तेव्हा अलका सतरा वर्षांची होती. सकाळी भाकरी बांधून घेतली, नवऱ्याचा जुना शर्ट घातला, नदीपल्याड कांद्याला जाते, पाचला येते म्हणाली आणि केडगाव स्टेशनाच्या चौकात गाडी धरायला गेली. दोन दिवस आबांनी सगळीकडं शोधलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, गेली असंल कुणासंगं. पुढं तेच गावभर झालं आणि आबांनीही तेच धरलं. अलकाच्या लग्नाच्या पत्रिकेत मुलीच्या आईचं नाव छापलं नाही. सौभाग्यवती लिहावं, तर ती नांदत नव्हती. गेलेल्या माणसासाठी बौद्ध समाजातले लोक कालकथित लिहितात, तसं लिहावं, तर ती मेली असं कुणी म्हणत नव्हतं.

“सासरी पहिल्याच दिवशी इचारलं, तुझी आई कुठं असती,” अलका म्हणाली. “मला दुसरं काय नको, मॅडम. कुणाला फाशी झाली का न्हाई, त्येबी नको. ती मला टाकून गेली का न्हाई, तेवढं सांगा.”

तो चुकीचा कागद माझा, हे मला तिथंच सांगायला पाहिजे होतं. मी चहा पिऊन परत गाडीत बसलो.

पूल ओलांडल्यावर मॅडम म्हणाल्या, “सांगितलं नाहीत.”

“रिपोर्ट येऊ दे. तीच आहे हे तरी ठरू दे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. ते ‘बरं’ मला पुढं चार महिने ऐकू येत होतं.

अलकाचं रक्त सरकारी दवाखान्यात रीतसर घेतलं. कवटीतली एक दाढ मला पंचांसमोर काढायची होती. दाढेच्या आतल्या पोकळीत डीएनए चांगला टिकतो, बाहेरचं ऊन-पाणी त्याला लागत नाही. दाढ काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आजवर किती दात काढले त्याची मोजदाद नाही, पण प्रत्येक पेशंटला मी आधी विचारतो, दुखतंय का? सवयीनं तोंडातून तेच निघालं. पंच माझ्याकडं बघायला लागले. कुणी हसलं नाही.

रिपोर्ट आला. आई-मुलीचं नातं जुळलं.

मी मॅडमना म्हणालो, तुमच्याआधी मला जाऊ द्या. त्या म्हणाल्या, माझ्याआधी नाही, माझ्याबरोबर. खुटबावला अलकाच्या ओट्यावर मॅडमनी रिपोर्टचं सांगितलं. “तुमची आई पाचला परत येणार होती. तिला येऊ दिलं नाही.” अलका भिंतीला टेकून बसली आणि मोठ्यानं रडली. तिचं रडून झाल्यावर मी माझं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी ही कवटी माझ्या हातात होती. मी पाच मिनिटं बघितली आणि पुरुष लिहिलं. मी बाई लिहिलं असतं तर तुम्हाला तेव्हाच कळलं असतं.

“माझं लगीन त्याच्यानंतर चार वर्सांनी झालं,” ती एवढंच म्हणाली. पत्रिकेचा हिशोब तिनं मनात केला असणार. मी माफी मागितली. तिनं ‘असू द्या’ म्हटलं नाही, आणि म्हणायला पाहिजे होतं असं मलाही वाटत नाही. त्या माणसानं मारलेल्यांत कौसाबाई पहिली होती की चौथी, तिच्यानंतर किती झाल्या, हे मॅडमना ठाऊक असेल. मी विचारलेलं नाही. विचारायचं धाडस नाही. सहावीचं नाव अजून लागलेलं नाही, तिची फाईल मॅडमच्या टेबलावर उघडीच असते.

हाडं घरच्यांना मिळाली. महिन्याभरानं जलदानविधीची पत्रिका माझ्या दवाखान्यात आली. बौद्ध घरात माणूस गेल्यावर वंदना घेऊन, त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करून सगळ्यांना जेवण घालतात, त्याची ती पत्रिका. ‘कालकथित कौसाबाई’ असं ठळक छापलेलं. मावशींनी ती दोनदा वाचायला लावली. मग साडी बदलून त्याही माझ्याबरोबर निघाल्या.

खुटबावात मांडव गच्च भरला होता. अलकानं मला पाणी दिलं आणि सांगितलं, पत्रिका आबांनी वाटल्या. गावात दारोदार, स्वतः, कुणाला बरोबर न घेता. ज्याला ज्याला म्हणून त्यांनी ‘पळून गेली’ असं सांगितलं होतं, त्या प्रत्येकाच्या हातात.

वंदना झाली. पंगत बसली. आबा हळूहळू चालत आले आणि माझ्याशेजारी खाली बसले. त्यांचं ताट वाढलेलं होतं, पण ते जेवत नव्हते.

“बारा वर्सं म्या तिला शिव्या दिल्या, डॉक्टर. एक दिस सोडला न्हाई.”

“आबा, त्यातल्या निम्म्या मला द्या,” मी म्हणालो. “तो कागद मी लिहिला होता.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुमी तिला कवा बघितलं व्हतं का? जित्ती असताना?”

“नाही.”

“मग तुमची चूक झाली. हुती माणसाची.” त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं. “म्या तर वीस वर्सं तिच्या हातची भाकर खाल्ली.”

माझ्या चुकीला मी उपाय काढलाय. पोलीस काही घेऊन आले की मी आधीच बजावतो, कुठं सापडलं, अंगावर काय होतं, एक शब्द बोलायचा नाही. आधी मला दात बघू द्या, मी लिहितो, मग तुमची गोष्ट सांगा. पोलिसांना वाटतं, म्हातारा तिरसट झालाय. आबांच्या चुकीवर उपाय माझ्याजवळ नव्हता. त्यांनी वाढप्याला हाक मारून माझ्या भातावर आणखी आमटी घालायला लावली. मग त्यांनी पहिला घास घेतला, आणि मीही जेवलो.